नोट किती लांब धरायची आणि ४/४, ६/८ म्हणजे नक्की काय: पेटी-तबल्याच्या घरातून स्टाफ नोटेशनकडे

लेकीनं कीबोर्डचा क्लास लावला तेव्हा ते पाच रेघांचं, म्हणजे स्टाफ नोटेशनचं पुस्तक पहिल्यांदा आमच्या घरात आलं. मी लहानपणी पेटी शिकलेय, घरात तबला रोज कानावर पडायचा, त्यामुळे तिला घरी प्रॅक्टिस मी घेईन असं ठरलं. कुठल्या रेघेवर कुठला सूर हे आठवड्याभरात बसलं, ते खरंच अवघड नाहीये. अडलं ते लांबीवर, म्हणजे हा सूर किती वेळ धरायचा, हा काळा गोळा आणि तो पोकळ गोळा यात फरक काय, आणि सुरुवातीला एकावर एक लिहिलेले ते दोन आकडे काय सांगतायत. हे सगळं मला नीट कळायला बरेच महिने लागले आणि कळल्यावर लक्षात आलं की यातलं जवळजवळ सगळं आपल्याला आधीपासून येत असतं, फक्त वेगळ्या नावानं. म्हणून जमेल तसं सविस्तर लिहितेय, जे मोठेपणी शिकतायत किंवा मुलांची प्रॅक्टिस घेतायत त्यांच्यासाठी.

आधी मूळ फरक बघू. आपल्या भातखंडे पद्धतीत ताल आधी कागदावर आखला जातो, मात्रांचे खण पडतात, समेखाली, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेखाली, गुणिलेची खूण, आणि "खाली"च्या, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडतात त्या मात्रेच्या जागी शून्य. एका खणात एक स्वर म्हणजे एक मात्रा, एका मात्रेत दोन स्वर बसवायचे असतील तर खालून कमान काढून बांधायचे, आणि स्वर लांबवायचा तर पुढच्या खणात आडवी रेघ. म्हणजे लांबी ठरते ती जागेवरून. स्टाफमध्ये उलटं आहे, लांबी त्या नोटच्या अंगावरच लिहिलेली असते, गोळा पोकळ का भरीव, काठी आहे का नाही, काठीला शेपटी किती, यावरून. त्यामुळे कागदावर दोन नोटा जवळ छापल्यात का लांब याच्याकडे बघून वेळ ठरवू नका, माझी पहिली चूक हीच होती, मी अंतर बघून वाजवत होते.

आता आकार. काठी नसलेला पोकळ गोळा म्हणजे सगळ्यात मोठी नोट, नेहमीच्या मोजणीत ४ मात्रा. त्याला काठी लागली की अर्धी, २ मात्रा. गोळा काळा भरला की त्याच्याही अर्धी, १ मात्रा. काठीला एक शेपटी आली की अर्धी मात्रा, दोन शेपट्या आल्या की पाव मात्रा. दर पायरीला निम्मं, एवढंच सूत्र. भाकरी डोळ्यासमोर आणा, अख्खी, अर्धी, चतकोर, मग चतकोराचे दोन तुकडे, मग त्या तुकड्याचे परत दोन.

नावांचा घोळ मात्र आहे. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएमच्या परीक्षेची पुस्तकं ब्रिटिश नावं वापरतात, सेमीब्रीव्ह, मिनिम, क्रॉचेट, क्वेव्हर, सेमीक्वेव्हर, आणि यूट्यूबवर बहुतेक जण अमेरिकन नावं वापरतात, होल, हाफ, क्वार्टर, एट्थ, सिक्सटीन्थ. वस्तू तीच. मुलांना परीक्षेत ब्रिटिश नावं विचारतात म्हणून मी ती वापरतेय, पण अमेरिकन नावंही पाठ करून ठेवा, पुढे टाइम सिग्नेचरचा (सुरुवातीला एकावर एक लिहिलेल्या त्या दोन आकड्यांचा) खालचा आकडा कळायला तीच जास्त उपयोगी पडतात.

काठी वर जाते का खाली याचा लांबीशी काही संबंध नाही. नोट मधल्या रेघेच्या खाली असेल तर काठी वर, वर असेल तर खाली, छपाई नीटनेटकी दिसावी म्हणून. तसंच दोन-तीन क्वेव्हरांच्या शेपट्या जोडून वर एक जाड पट्टी मारलेली असते तेव्हा लांबी बदलत नाही, एक पट्टी म्हणजे एक शेपटी, दोन पट्ट्या म्हणजे दोन. पण ती पट्टी कुठे सुरू होते आणि कुठे तुटते ते मात्र नीट बघा, कारण एक ठोका कुठून कुठपर्यंत हे बहुतेक वेळा तीच सांगते.

तबला थोडाही ऐकलेला असेल तर हे बोल लावून म्हणा, हात पायावर ठेवून दर मात्रेला टाळी देत. क्रॉचेट म्हणजे "धा". दोन क्वेव्हर म्हणजे "धागे". चार सेमीक्वेव्हर म्हणजे "तिरकिट", एका टाळीत चार अक्षरं. एक क्वेव्हर आणि दोन सेमीक्वेव्हर आले तर "धातिट", उलटे आले तर "तिटधा". आणि तीन नोटांवर छोटा ३ लिहिलेला दिसला तर ते ट्रिप्लेट, दोनच्या जागेत तीन सारखे, म्हणा "तकिट". पढंत करताना, म्हणजे तालाचे बोल तोंडानं म्हणताना, एकगुण, दुगुण, तिगुण, चौगुण करतात ना, टाळी तीच ठेवून आत अक्षरं वाढवत, अगदी तेच आहे हे, क्रॉचेट एकगुण, क्वेव्हर दुगुण, ट्रिप्लेट तिगुण, सेमीक्वेव्हर चौगुण. माझ्या लेकीला पुस्तकातला तक्ता तीनदा समजावून जे कळलं नव्हतं ते "धागे तिरकिट"नं एका संध्याकाळी कळलं.

शाळेतलं व्याकरण आठवतंय त्यांच्यासाठी अजून एक, आणि मला स्वतःला हे सगळ्यात जास्त आवडतं. वृत्तांचे गण आठवा, यमाचा, मानावा, ताराप, राधिका, जनास, भास्कर, नमन, समरा. लघु एक मात्रा, गुरू दोन (ही व्याकरणातली मात्रा, वरची टाळीची मात्रा नव्हे). आता लघु म्हणजे क्वेव्हर आणि गुरू म्हणजे क्रॉचेट धरा. "भास्कर" झालं क्रॉचेट, क्वेव्हर, क्वेव्हर. "समरा" झालं क्वेव्हर, क्वेव्हर, क्रॉचेट. दोन्ही दोन टाळ्यांत बरोबर बसतात. (भास्करचा शेवटचा र पूर्ण उच्चारायचा, गण पाडताना उच्चारतो तसा.) आता "जनास" घ्या, क्वेव्हर, क्रॉचेट, क्वेव्हर. ही पण दोन टाळ्यांचीच, पण हातानं टाळी देत म्हणून बघा, पहिली टाळी "ज"वर पडते, दुसरी टाळी "ना" चालू असताना त्याच्या पोटात पडते, आणि "स" टाळीनंतर येतो. पहिल्यांदा हात अडखळतोच. पाश्चात्य संगीतात याला सिंकोपेशन म्हणतात आणि ग्रेडच्या पुस्तकात हे आलं की मुलं अडतात, तेव्हा पेन्सिलनं नोटांच्या वर सरळ "ज ना स" लिहून ठेवा.

आता टिंब. नोटच्या उजव्या बाजूला एक टिंब असेल तर त्या नोटमध्ये तिचीच अर्धी लांबी वाढते. मिनिमला टिंब म्हणजे २ अधिक १, तीन. क्रॉचेटला टिंब म्हणजे दीड. क्वेव्हरला टिंब म्हणजे पाऊण. क्रॉचेटला दोन टिंबं म्हणजे पावणेदोन, कारण दुसरं टिंब पहिल्या टिंबाच्या निम्मं असतं. इथे मराठी माणसाचं काम फार सोपं आहे, आपल्याकडे या प्रत्येक लांबीला आधीच शब्द आहे. जुन्या लोकांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ केलेले असायचे, त्यांना टिंब समजवायला दोन मिनिटंही लागणार नाहीत. पाऊण आणि पाव मिळून एक, म्हणून टिंबवाल्या क्वेव्हरमागे बहुतेक वेळा एक सेमीक्वेव्हर येतो, "धाऽऽगे" असा उडता. दीड आणि अर्धा मिळून दोन, म्हणून टिंबवाल्या क्रॉचेटमागे क्वेव्हर येतो. जोडी लक्षात ठेवली की हिशोब आपोआप होतो. (टिंब नोटच्या डोक्यावर किंवा खाली असेल तर ते वेगळं, ते लांबीचं नाही, सूर तोडून वाजवायची खूण आहे.)

आणि औट म्हणजे साडेतीन, ते दोन टिंबांच्या मिनिमनं लिहिता येतं, पण सवा किंवा अडीच लिहायला एकच नोट नाही. तिथे टाय लागतो, एकाच सुराच्या दोन नोटा कमानीनं बांधायच्या आणि दुसरी परत वाजवायची नाही, फक्त धरून ठेवायची. मिनिमला क्वेव्हर बांधला की अडीच. सूर एका बारमधून (बार म्हणजे दोन उभ्या रेघांमधला भाग) पुढच्या बारमध्ये जात असेल तरी टायच लागतो. कमान वेगवेगळ्या सुरांवर असेल तर तो टाय नाही, तो स्लर, आपण मींडेसारखं जोडून गातो तसं न तोडता वाजवा असं सांगणारा.

शांततेच्याही खुणा आहेत, रेस्ट, प्रत्येक नोटच्या लांबीची एक. सेमीब्रीव्हची आणि मिनिमची रेस्ट म्हणजे एक छोटी जाड विटेसारखी पट्टी, एक रेघेला खालून लटकलेली आणि दुसरी रेघेवर बसलेली. मी लेकीला सांगितलं, जड असेल ते लोंबतं, म्हणून चारची लोंबते, दोनची वर बसते. पूर्ण बार गप्प बसायचं असेल तर बार ३ मात्रांचा असो की २ चा, ती लोंबणारीच वापरतात. आणि रेस्टला हात उचला पण मोजणी थांबवू नका, मुलं रेस्ट आली की घाई करून पुढच्या नोटवर उडी मारतात.

आता ते दोन आकडे. पहिली गोष्ट, हा अपूर्णांक नाहीये. ३/४ म्हणजे पाऊण नव्हे. वरचा आकडा सांगतो की एका बारमध्ये, म्हणजे दोन उभ्या रेघांच्या मध्ये, किती मोजायचे, आणि खालचा सांगतो की काय मोजायचं. खाली ४ असेल तर चतकोर म्हणजे क्वार्टर नोट, आपला क्रॉचेट. खाली ८ असेल तर अख्ख्याचा आठवा भाग, क्वेव्हर. खाली २ असेल तर अर्धी, मिनिम. ३/४ म्हणजे "तीन, क्रॉचेटचे". तीन डझन किंवा तीन किलो म्हणताना आपण आकडा आणि माप असं दोन्ही सांगतो, तसं.

हे आकडे फक्त सुरुवातीला एकदाच येतात, क्लेफ (कुठल्या रेघेवर कुठला सूर हे ठरवणारी ओळीच्या सुरुवातीची खूण) आणि शार्प-फ्लॅटच्या खुणा प्रत्येक ओळीला परत येतात पण टाइम सिग्नेचर येत नाही, मधे बदललं तरच परत लिहितात. कधीकधी आकड्यांऐवजी इंग्रजी सी सारखी खूण असते, ते ४/४. ती खरंतर सी नाहीच, मध्ययुगातल्या युरोपात तिनाच्या मापाला पूर्ण वर्तुळ काढायचे आणि दोनाच्या मापाला अर्धं, ते अर्धं वर्तुळ उरलंय. त्याला मधून उभी रेघ मारली असेल तर २/२, म्हणजे ठोका क्रॉचेटवर नाही, मिनिमवर.

वेगाबद्दल हे आकडे काही सांगत नाहीत, हे नीट समजून घ्या. तीनताल विलंबितात पण १६ मात्रांचाच आणि द्रुतात पण १६ चाच, तसंच. वेग वेगळा लिहिलेला असतो, क्रॉचेट बरोबर ६० म्हणजे सेकंदाला एक ठोका, १२० म्हणजे दोन. खाली ८ आहे म्हणून ते जलद, ही समजूत मी दोन-तीन मोठ्या माणसांकडून ऐकलीय, ती चूक आहे.

एक बार हळू करून बघू. ४/४ मध्ये टिंबवाला क्रॉचेट, क्वेव्हर, मिनिम. दीड अधिक अर्धा अधिक दोन, चार, बार पूर्ण. आता तोंडानं मोजा, "एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि", सगळं एका चालीत. पहिली नोट "एक"वर वाजते आणि "दोन"वर काहीच वाजत नाही, ती अजून चालूच आहे. क्वेव्हर येतो "दोन"नंतरच्या "आणि"वर. मिनिम "तीन"वर, आणि "चार" संपेपर्यंत धरायची. पेन्सिलनं नोटांच्या खाली १ आणि २ आणि असं लिहा, सुरुवातीला सगळे बार लिहा, नंतर फक्त जिथे अडतंय तिथे. आणि वाद्याला हात लावायच्या आधी टाळी देऊन तोंडानं म्हणा, बोटं आणि मोजणी एकाच वेळी शिकायला गेलं की दोन्ही बिघडतात.

पुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, ३/४ आणि ६/८. दोन्हीत एका बारमध्ये सहा क्वेव्हर मावतात, मग दोन वेगळी नावं कशाला? सहा लाडू आहेत, तिघांना दोन-दोन द्यायचे का दोघांना तीन-तीन. ३/४ म्हणजे तिघांना दोन-दोन, "एक आणि दोन आणि तीन आणि", तीन ठोके. ६/८ म्हणजे दोघांना तीन-तीन, आणि इथे वर सहा लिहिलं असलं तरी पायाचे ठोके दोनच असतात. हा आपला दादरा आहे, धा धी ना, धा ती ना, सहा मात्रा पण तीन-तीनच्या दोन झोक्यात. पट्ट्या बघितल्या तरी कळतं, ६/८ मध्ये क्वेव्हर तीन-तीनच्या जुडीत बांधलेले असतात.

लेकीच्या पुस्तकात ६/८ चा पहिला तुकडा आला तेव्हा मी मेट्रोनोम (ठरलेल्या वेगानं टिकटिक करणारं यंत्र) प्रत्येक क्वेव्हरला लावला आणि तिला सहाच्या सहा ठोके सारखे मोजायला लावले. आठवडाभर तिनं तसं वाजवलं, एकही नोट चुकत नव्हती आणि तरी ते गाणं वाटत नव्हतं. क्लासमध्ये तिच्या बाईंनी काही न बोलता टेबलावर फक्त दोनच टिचक्या वाजवल्या, एक पहिल्या नोटला आणि एक चौथ्या नोटला, आणि पोर दुसऱ्या ओळीपर्यंत डोलायला लागली. मी दारात उभी होते, मला तिथेच दादरा ऐकू आला. मग घरी येऊन मेट्रोनोम टिंबवाल्या क्रॉचेटला लावला, बारला दोनच टिकटिक.

मग सरळ "२" असं का नाही लिहीत, हा प्रश्न मला बरेच दिवस होता. कारण असं की इथे एक ठोका म्हणजे टिंबवाला क्रॉचेट, दीड, आणि दीड चतकोराला खाली लिहायला पूर्ण आकडाच नाही. म्हणून त्याचे बारीक तुकडे मोजून लिहितात. तसंच ९/८ म्हणजे तीन-तीनचे तीन ठोके, १२/८ म्हणजे चार. वरचा आकडा ६, ९ किंवा १२ दिसला की आधी तिनानं भागून बघा. गोव्याचं दुलपद, म्हणजे तिथलं कोकणी नाचगाणं, बहुतेक ६/८ मध्येच लिहिलेलं असतं, आणि ऐकलंत तर तो झोका लगेच पकडता येतो.

गोव्याचा विषय निघालाय तर, पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना हे नोटेशन वाचायला शिकवत, आणि तिथून शिकून मुंबईत आलेल्या वादकांनी हिंदी सिनेमाचे ऑर्केस्ट्रा उभे केले. संगीतकार पेटीवर चाल सांगायचा आणि सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे अरेंजर ती पाच रेघांवर उतरवून व्हायोलिनवाल्यांसमोर ठेवायचे. म्हणजे दादरा-केहरवा या आकड्यांत लिहिण्याचं काम आपल्याच इथे अनेक वर्षं रोज होत होतं, त्यामुळे ही तुलना मी ओढूनताणून करतेय असं समजू नका.

तरी तुलनेला मर्यादा आहेत. बार म्हणजे आवर्तन, तालाचा पूर्ण फेरा, नव्हे. तीनताल ४/४ मध्ये लिहिला तर एका आवर्तनाचे चार बार होतात आणि सम दर चौथ्या बारनंतर येते, पण कागदावर सगळे बार सारखेच दिसतात. खालीला तर खूणच नाही. ४/४ मध्ये पहिला ठोका सगळ्यात वजनदार, तिसरा त्याहून कमी, दुसरा-चौथा हलके, एवढंच गृहीत असतं. रूपक ७/४ किंवा ७/८ मध्ये लिहिता येतो, ३-२-२ अशा जुड्या करून, पण रूपकाची समच खाली असते आणि स्टाफ वाचणारा माणूस पहिल्या ठोक्यावर वजन देणार, ते तुम्हाला तोंडी सांगावं लागतं. झपताल ५/४ चे दोन बार करून बसतो, २-३ आणि २-३.

शेवटी एक गोष्ट जी पुस्तकात उशिरा येते पण पहिल्याच महिन्यात समोर उभी राहते. हॅपी बर्थडे घ्या, ते ३/४ मध्ये आहे, आणि बहुतेक जण "हॅपी"ला पहिला ठोका समजून मोजतात, मग पुढे काहीच जुळत नाही. वजन कुठे पडतं ऐका, "बर्थ"वर. पहिला ठोका तो. "हॅपी" हे त्याच्या आधीच्या बारमधल्या "तीन"वर आहे, दोन क्वेव्हर, काही पुस्तकांत पाऊण आणि पाव. आपण ख्यालात मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, समेच्या आधीपासून उचलतो आणि समेवर येऊन पडतो ना, तेच, इंग्रजीत त्याला पिकअप किंवा अपबीट म्हणतात. त्यामुळे कागदावर पहिला बार एकाच मात्रेचा दिसतो, आणि बहुतेक पुस्तकांत शेवटचा बार दोनच मात्रांचा असतो, ती छपाईची चूक नाही. सुरुवातीला जी एक मात्रा आधीच घेतली ती शेवटच्या बारमधून वजा केलेली असते. वाजवायच्या आधी तोंडानं "एक, दोन" म्हणा आणि "तीन"वर सुरू करा, आणि परत पहिल्यापासून वाजवायचं असेल तर शेवटच्या "यू"चे दोन ठोके पूर्ण धरून न थांबता तिसऱ्यावर "हॅपी" घ्या.